मीटरवरची टिकली

पंढरी मेकॅनिकचं नख गाडीच्या मीटरवरच्या टिकलीच्या कडेखाली गेलं आणि गुरुपादप्पांनी त्याचं मनगट धरलं.

"तेवढी राहू दे."

"अप्पा, हिच्याखालीच इंजिनाचा चेकचा दिवा हाय. तो लागायलाय का न्हाई, मला कळावं कसं?"

"दुसरं कसं बी बघ. ती काढू नको."

पंढरीने हात मागे घेतला. पण तेवढ्यात टिकलीची एक कड सुटून वर आली होती. गुरुपादप्पांनी ती अंगठ्याने दाबली, थुंकी लावून पुन्हा दाबली. उन्हाने गोंद पार वाळला होता. कड काही बसली नाही.

टिकली रत्नम्माची होती. रत्नम्मा जाऊन दोन महिने झाले होते. लातूरच्या गंजगोलाईतल्या गुरुपादप्पांच्या जनरल स्टोअरमध्ये टिकल्यांची पाकिटं तोरणासारखी लटकलेली असत. पण रत्नम्माने जन्मात कधी नवं पाकीट फोडलं नाही. गिऱ्हाइकाने उघडून परत टाकलेलं, दोन-तीन टिकल्या कमी असलेलं पाकीट तिच्या वाट्याचं. रात्री झोपताना ती कपाळावरची टिकली काढून न्हाणीघरातल्या आरशाला लावायची. आरशाची एक बाजू टिकल्यांनी भरून गेली होती. ती गेल्यावर घर धुतलं, त्या दिवशी गुरुपादप्पांच्या बहिणीने ब्लेडने खरवडून आरसा लख्ख केला. बिचारीने चांगल्या मनानेच केलं. गुरुपादप्पा तेव्हापासून आरशात न बघता दाढी करत होते, आणि हनुवटीखाली रोज थोडे खुंट राहून जात होते.

गाडीतली ही एक टिकली तेवढी बहिणीच्या हाती लागली नव्हती.

गाडी तशी गेल्या आठवड्यापर्यंत कुरकुरली तरी चालत होती. नळ कधीचेच कोरडे पडले होते. शहरासाठी रेल्वेने पाणी येत होतं, पण ते गुरुपादप्पांच्या गल्लीपर्यंत पोचेस्तोवर कुणाकुणाच्या टाक्यांत जिरत होतं. म्हणून ते हरंगुळच्या चुलतभावाच्या बोअरवरून ड्रम भरून आणत. भरल्या ड्रमांनी गाडी झटके खाऊ लागली आणि आज सकाळी तर पाच वेळा सेल्फ मारल्यावर कशीबशी चालू झाली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

पंढरी मूळचा उदगीरचा. गॅरेजच्या शटरवर त्याने नव्या जिल्ह्याच्या मागणीचा कागद चिकटवला होता. गुरुपादप्पा आले की त्या कागदाकडे बोट करून म्हणायचे, 'प्यायला पाणी न्हाई आन् ह्यांना जिल्हा पायजे!' मग पंढरी चहा मागवायचा आणि दोघे तासभर भांडायचे. आज अप्पा कागदाकडे न बघताच आत आले, तेव्हाच पंढरीला वाईट वाटलं होतं.

त्याने बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून तो एकेका प्लगवरच्या कॉइलची वायर काढून बघू लागला. पहिली काढली तशी गाडी अडखळली. ती लावून दुसरी काढली, पुन्हा अडखळली. तिसरी काढली तेव्हा इंजिनाच्या आवाजात काडीचाही फरक पडला नाही.

"हा मेलाय," पंढरी म्हणाला. "तिसरा. ह्याला ठिणगीच न्हाई. गाडी बाकीच्यांच्या जिवावर पळायलीय."

प्लग काढून त्याने गुरुपादप्पांच्या तळहातावर ठेवला. टोक काजळलं होतं आणि पांढऱ्या चिनीमातीला वरपासून खालपर्यंत बारीक चीर गेली होती. वरच्या कॉइलचं रबरही जळालेलं होतं.

"प्लग हाय माझ्याकडं. कॉइल सोलापूरहून येईल, उद्या. आज तात्पुरतं करून देतो, पण भरवसा न्हाई."

"करून दे."

"आधी मला वाटलं, तुमी दिवा लागला का धावत येणारे, ह्या टायमाला कसा काय उशीर केला?" पंढरी हसला. "माहूरच्या टायमाला आठवतं का? देवी तिकडं वाट बघायली आन् अप्पा शिरूर ताजबंदच्या फाट्यावरून माघारी! निघालं काय, तर एक जोड सैल. चिमटीनं दाबला आन् दिवा गेला!"

ही गोष्ट गॅरेजमध्ये सगळ्यांना पाठ होती. गुरुपादप्पाही एरवी ती ऐकून हसत. रत्नम्माने माहूरच्या रेणुकेला साडीचोळीचा नवस बोलला होता, नवी साडी मांडीवर घेऊन ती बसली होती, आणि फाट्यावर मीटरमध्ये पिवळा दिवा लागला. 'गाडी पेटली तर?' म्हणून गुरुपादप्पांनी गाडी वळवली. रत्नम्माने तिथूनच, न दिसणाऱ्या गडाच्या दिशेला हात जोडले होते. पुढच्या वर्षी जाऊ, असं ठरलं होतं.

आज त्यांना हसू आलं नाही. पंढरीच्या ते ध्यानात आलं, आणि तो स्वतःवरच चिडून प्लग घट्ट करू लागला.

गुरुपादप्पांचा फळीवरचा फोन वाजला. नांदेडहून जावई. हल्ली जावईच फोन करायचे.

"हाव, जेवलो," गुरुपादप्पा म्हणाले. "हाव, पाणी हाय. महानंदा कशी हाय? ... बरं. बरं, काम करायली असंल. असू द्या."

महानंदा, त्यांची एकुलती एक लेक, आई गेल्यापासून त्यांच्याशी बोलली नव्हती. बार्शीच्या कॅन्सरच्या दवाखान्यातले सगळे डोस संपले, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हैदराबादला एक उपचार आहे, खात्री नाही, पण करून बघता येईल. रत्नम्माने मान हलवली होती. 'ब्याडरी,' ती म्हणाली होती. ती निलंग्याच्या पलीकडची, घरात कानडी. नको म्हणायचं तर तिच्या तोंडी तेच यायचं. गुरुपादप्पांनी ते ऐकलं आणि गाडी घराकडे आणली.

तेराव्याला महानंदाने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "अप्पा, आई पहिल्या खेपंला कशाला कधी हो म्हणली का? भाकरी वाढायला गेलं तरी दोनदा ब्याड म्हणायची, तिसऱ्यांदा वाढली की खायची. तुमी परत विचारलं का तिला?"

"तिलाच नको होतं," ते म्हणाले होते. "मन भरलं होतं तिचं. ती सुखानं गेली."

तेच ते सगळ्यांना सांगत आले होते. समाचाराला आलेल्यांना, दुकानातल्या गिऱ्हाइकांना, रात्री स्वतःला. तेवढ्या एका वाक्यावर त्यांचे हे दोन महिने निघाले होते. जेवण नव्हे, झोप नव्हे, ते वाक्यच त्यांना उभं धरत होतं.

पंढरीने स्टेअरिंगखाली स्कॅनरची वायर खोचली आणि हातातल्या छोट्या पडद्याकडे बघत राहिला.

"तिसरा सिलिंडर मिस. बरुबर." त्याने बटण दाबलं. "आन् अप्पा, हे बघा. दिवा आजकालचा न्हाई. तो लागल्यापासून गाडी बावीसशे किलोमीटर पळालीय. हे मशीन सांगतं."

"बावीसशे?"

"हाव. तुमाला दिसला कसा न्हाई?" असं म्हणताना पंढरीची नजर टिकलीवर गेली.

गुरुपादप्पा गाडीच्या दारात एक पाय बाहेर ठेवून बसले होते. रत्नम्मा गेल्यापासून गाडी हरंगुळपलीकडे गेली नव्हती. त्याआधी होत्या त्या बार्शीच्या दहा फेऱ्या. जाऊन-येऊन दोनशेच्या वर. त्यांनी बोटांची पेरं मोजली, आणि मग मोजायचं थांबवलं. म्हणजे पहिल्याच फेरीला.

पहिली फेरी त्यांना लख्ख आठवत होती. श्रावण असून आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. मुरूडला ते चहा आणायला उतरले होते; रत्नम्माला वारा लागावा म्हणून गाडी चालूच ठेवली होती. दोन कप सांभाळत परत आले, तर तिचं कपाळ मोकळं. नुसता टिकलीचा फिकट गोल उरलेला. आणि टिकली मीटरच्या काचेवर.

"हे काय? टिकली कामून काढली?"

"घामानं सुटायली होती. हितं लावली. बसंल तुमच्यावर नजर ठिवून."

आणि ते तिच्यावर ओरडले होते. दवाखान्याला निघाल्यावर सवाष्ण कपाळ मोकळं ठेवते का, अक्कल आहे का, असं बरंच काही. चहावाल्यानेही वळून बघितलं होतं. रत्नम्माने चहा घेतला, फुंकर मारून प्यायली आणि म्हणाली, "चला. उशीर होईल."

कप हातात घेऊन परत येणाऱ्या नवऱ्याकडे तिने काचेतून बघितलं असेल. समोर मीटरमध्ये पिवळा दिवा लागलेला. हा माणूस बघेल, आणि गाडी वळवेल. माहूरच्या वेळी वळवली तशी. मग डॉक्टरची तारीख जाईल, मग गॅरेज, मग पुढचा आठवडा. दुसऱ्या टिकलीसाठी पर्स धुंडाळायला वेळ नव्हता. तिने कपाळाला हात लावला असेल आणि होती ती टिकली काढली असेल.

तिला पोचायचं होतं.

"पंढरी," गुरुपादप्पा म्हणाले. "हिला दिव्याचं ठाऊक होतं रे."

"काय, अप्पा?"

"ती म्हणायची, कशाला येवढं, राहू द्या. दर फेरीला म्हणायची. मला वाटलं..." त्यांनी हातातला तडकलेला प्लग उलटसुलट केला. "तिला जगायचं होतं रे, पंढरी."

पंढरीने स्कॅनर खाली ठेवला. त्याने बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून त्यांच्यापुढे धरलं, आणि पाणीटंचाईचे दिवस असूनही पेला काठोकाठ भरला. गुरुपादप्पा रडले. पंचा तोंडाला न लावता, म्हातारी माणसं घरातही रडत नाहीत तसे मोठ्याने रडले. गॅरेजसमोरून जाणारा टँकर हॉर्न वाजवत होता. त्याच्या मागे घागरी घेऊन पळणाऱ्या बायकांनी आत पाहिलं आणि त्या तशाच पुढे गेल्या.

बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड पुसलं.

"नांदेडपतूर जाईल का ही?"

"आज? अप्पा, कॉइल उद्या येतीय. मी आता दिव्याचा कोड पुसलाय, पण लोड आला की परत मिसिंग करंल, दिवा परत लागंल. उद्या जावा. न्हाईतर फोन करा ताईला."

"फोन जावईच उचलतेत," गुरुपादप्पा म्हणाले. "तिला तोंडावर सांगाया पायजे. तिचंच खरं होतं म्हणून."

"मी येतो संगट मग."

"नको. तू दुकान बघ तुझं."

पंढरीने आणखी एकदा नको म्हणून पाहिलं. मग त्याने जुन्या कॉइलवर पट्टी गुंडाळली, हवा तपासली, आणि डिकीतले रिकामे ड्रम उतरवून घेतले. तेवढंच ओझं कमी. निघताना गुरुपादप्पांनी शटरवरच्या कागदाकडे बघितलं. ते काही म्हणतील असं पंढरीला वाटलं, आणि तो वाट बघत उभा राहिला.

चाकूरपर्यंत गाडी गुमान चालली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राखाडी रानं, उसाच्या जागी नुसते खुंट, कुठेतरी चारा छावणीकडे चाललेले दोन बैल. गुरुपादप्पा मनात वाक्य जुळवत होते. महानंदा, तू बरुबर होतीस. नाही, तसं नको. महानंदा, तुझ्या आईनं काय केलं होतं, ठाऊक हाय का? प्रत्येक वेळी कपाळाचा तो फिकट गोल डोळ्यांपुढे यायचा, आणि वाक्य तिथेच तुटायचं.

शिरूर ताजबंदचा फाटा आला तेव्हा दिवस कलला होता. चढाला गाडीने एक झटका खाल्ला, मग दुसरा. टिकलीच्या सुटलेल्या कडेखालून पिवळा उजेड बाहेर आला.

गुरुपादप्पांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. त्यांनी गाडी बाजूला घेतली. हीच जागा होती. समोर वळायला ऐसपैस रस्ता होता आणि मागे लातूर होतं. इंजिन थरथरत होतं, आणि त्याबरोबर टिकलीही थरथरत होती.

त्यांनी डाव्या, रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"जायचं का पुढं?" त्यांनी विचारलं.

एक ट्रक धूळ उडवत निघून गेला. धूळ खाली बसू दिली, आणि त्यांनी परत विचारलं.

मग त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून नांदेडच्या रस्त्याला घेतली.