पहिल्याच झटक्यात

मिस्त्रींनी दोरी सातव्यांदा ओढली. मशीन खोकलं, निळसर धुराची एक गुळणी टाकली आणि पुन्हा गप्प बसलं.

"चोक जास्त झालाय," पायरीवरून लेक म्हणाली.

"मला शिकवू नकोस. चोक म्हणजे काय ते तुला मीच दाखवलंय."

"म्हणून तर कळलं."

मिस्त्रींना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीतच ठेवलं. खाली बसून त्यांनी प्लग काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. चाळीस वर्षं या हातांनी लोकांची लहानसहान इंजिनं दुरुस्त केली होती. गवत कापायची, फांद्या छाटायची, पाणी उपसायची. परसातलं हे पेट्रोलचं मशीन तर त्यांनी तीन मोडक्या मशीनांतून स्वतः जुळवलेलं. त्याच्या शेजारी लेकीने आणलेलं खोकं उघडं पडलं होतं. आत बॅटरीवर चालणारं नवं मशीन, गुळगुळीत आणि हलकं.

"हे गवत कापणार, की माझी दाढी करणार?"

"दोन्ही जमेल. आधी दाढीच घेऊ."

दोन वर्षांनी या घरात अशी थट्टा होत होती. आठ महिन्यांपूर्वी आई गेली तेव्हा लेक आली होती खरी, पण त्या दिवशी बापलेक एकमेकांशी काय बोलले, ते दोघांनाही आठवत नव्हतं. मुळात अबोला धरला होता तो या मशीनांपायीच. लेक मिस्त्रींच्याच दुकानात, त्यांच्याच टेबलावर इंजिन उघडायला शिकली, आणि एक दिवस बॅटरीची मशीनं विकणाऱ्या कंपनीत नोकरीला लागली. "पेट्रोलच्या वासात वाढलीस, आणि आता खेळणी विकणार?" असं ते गिऱ्हाइकांसमोर बोलून गेले. लेकीने हातातला पाना टेबलावर ठेवला, हात पुसले आणि ती निघून गेली.

"याचा आवाज फारसा नाही," लेक आता सांगत होती. "कुणी हाक मारली तर ऐकू येते."

"आवाजाचं काय घेऊन बसलीस! पेट्रोलला जोर असतो जोर. फक्त गरम झाल्यावर बंद करायचं नाही. केलं, की अर्धा तास तोंड फुगवून बसतं."

"हो. आईही फोनवर तेच म्हणाली होती."

प्लग पुसणारा हात थांबला.

रोज संध्याकाळी देवासमोर हात जोडले, की मिस्त्री एकच गोष्ट कबूल करायचे. देवाने क्षमा केलीही असेल, त्याचं मन मोठं. पण ज्याचा अपराध केला तो देव नव्हताच. ती इथे पायरीवर बसून बॅटरीवरचं प्लास्टिक सोलत होती, आणि अंधार पडायच्या आत तिला निघायचं होतं.

"तुझा फोन आला त्या दिवशी," ते प्लगकडे बघत म्हणाले, "मशीन बंद होतं."

पायरीवरचा प्लास्टिक सोलायचा आवाज थांबला.

"टाकी रिकामी झाली होती. मी पेट्रोल ओतत होतो. तुझी आई दारातून आली, हातात फोन. 'अहो, तिचा फोन आहे, आपणहून केलाय तिने.' मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि डबा खाली ठेवून दोरी ओढली. तापलेलं इंजिन. एरवी घाम काढतं. त्या दिवशी पहिल्याच झटक्यात सुरू झालं."

लेकीने प्लास्टिकची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी.

"ठाऊक आहे मला."

"आईने सांगितलं?"

"आई कशाला सांगेल? ती म्हणाली, 'अगं, मशीन चालू आहे, त्यांना ऐकूच येत नाहीये. आणि तापलेलं बंदही करता येत नाही.' पण फोन सगळा वेळ चालू होता ना, बाबा. आधी चिमण्या ऐकू येत होत्या. मग डबा ठेवल्याचा आवाज. मग दोरी. तुमच्या हाताखाली शिकलेय मी. दोरी ओढलेली मला कळणार नाही?"

मिस्त्रींनी प्लग पुन्हा बसवायचा प्रयत्न केला. आटे जुळेनात. त्यांनी तो तसाच गवतावर ठेवला.

"कशासाठी केला होतास फोन?"

"राहू दे आता."

"सांग."

"कंपनीला या भागात दुरुस्तीची सोय करायची होती. मी म्हटलं, मी जाते तिकडे, बाबांना विचारते. तुमच्याकडे अर्धं टेबल मागणार होते. अर्ध्यावर तुमची इंजिनं, अर्ध्यावर माझ्या बॅटऱ्या. भांडलो असतो रोज," ती किंचित हसली, "पण चाललं असतं."

बायको गेल्यावर महिनाभरातच मिस्त्रींनी दुकान विकलं होतं. टेबल नव्या मालकाने ठेवून घेतलं. त्यावर तो आता लोकांचे कपडे इस्त्री करतो.

"आता?"

"आता त्यांना दुसरा माणूस मिळालाय. आणि माझी बदली झालीय, बरीच लांब. पुढच्या आठवड्यात जायचंय. म्हटलं, जायच्या आधी हे देऊन जावं. दोरी ओढून खांदा दुखतो तुमचा. आई सांगायची."

अर्धं कशाला, सगळं टेबल दिलं असतं, हे वाक्य मिस्त्रींच्या ओठांपर्यंत आलं. त्यांनी ते परत आत घेतलं. उठून बॅटरी उचलली आणि मशीनच्या खाचेत घालायला गेले. उलटी धरली होती. लेकीने ती फिरवून दिली.

त्यांनी कळ दाबली. मशीन हलकेच गुणगुणू लागलं. गवत कापल्याचा आवाज येत होता, त्यांचा स्वतःचा श्वासही ऐकू येत होता. चारपाच पावलं गेल्यावर त्यांनी एकदम कळ सोडली आणि मागे वळून पाहिलं.

"काय म्हणालीस?"

लेक पायरीवर खोक्याचा पुठ्ठा दुमडत होती. तिने मान वर केली.

"काही नाही, बाबा. मी बोललेच नाही."

"बरं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी पुन्हा कळ दाबली, आणि कुंपणापर्यंत पोचायच्या आत आणखी दोनदा थांबून पाहिलं.