मास्तरांनी मला खाली टाकलं तेव्हा

"ज्याच्यावर चाळीस वर्षं पोट भरलं, त्याला जमिनीवर टाकून वरून तंगडी टाकू? हे मला सांगूच नकोस तू."

"मग राहा उभे दारात. खांब व्हा," मास्तरांची बायको म्हणाली.

मित्रांनो, ज्याच्यावरून ही जुंपली होती ना, तो मी. कापड मोजायचा लाकडी गज. अस्सल शिसवाचा, दोन्ही टोकांना पितळ. एका म्हाताऱ्या सुतारानं मला घासून घासून सरळ केलं, आणि मास्तरांनी शिंप्याचं दुकान टाकलं त्या दिवशी मला हातात घेतलं.

काय रुबाब होता. मास्तर मला कापडावर ठेवायचे, खडू सर्रकन ओढायचे, की झालं. गिऱ्हाईक म्हणायचं, मास्तरांची रेघ म्हणजे रेघ. त्यातली अर्धी रेघ माझी होती, पण माझं नाव कोण घेणार? मास्तर मात्र मला कधी जमिनीला टेकू द्यायचे नाहीत. काम झालं की पुसून खिळ्याला टांगायचे.

मग त्यांचा उजवा अंगठा आपोआप हलायला लागला. म्हणाले, चहा जास्त होतोय. नंतर मापाच्या वहीतले आकडे मुंगीएवढे झाले. हजारो काजं केलेला माणूस, स्वतःच्या शर्टाचं एक बटण लावायला दहा मिनिटं घ्यायचा. डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन आहे, गोळ्या अगदी वेळेवर घ्या. गिऱ्हाईक पांगलं. मी खिळ्यावर धूळ खात लटकलो. डोकं फिरलं होतं माझं, खोटं कशाला बोलू.

सगळ्यात वाईट म्हणजे दार. दुकानात मास्तर बरे चालायचे, पण आतल्या खोलीचं दार आलं की पाय जमिनीला खिळे ठोकल्यासारखे. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, पायापुढे एखादी पट्टी आडवी ठेवा, ती ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो. बायकोनं लगेच मला काढलं, आणि तिथंच भांडण पेटलं.

शेवटी तिनं मला मास्तरांच्या हातात कोंबलं. "धरा तुमचा देव," म्हणाली आणि तणतणत भाजी आणायला गेली.

तेवढ्यात आत मोबाईल वाजला. दोनच्या गोळीचा गजर. मास्तर मला घेऊनच निघाले. दारात आले आणि अडकले.

मोबाईल थांबेना. मास्तर घाईला आले, आणि घाई केली की पाय जास्तच रुसतात. अंग पुढे झुकलं, पाय मागेच. मागच्या महिन्यात असेच कोसळले होते, कपाळाला चार टाके. त्यांनी एका हातानं चौकट धरली. हाताबरोबर सैल कडीपण थरथर वाजायला लागली. गोळी समोर टेबलावर, माझ्या मापानं फक्त तीन गज. मी आतल्या आत ओरडत होतो, टाका मला, टाका खाली. लाकडाचं कोण ऐकतं?

"कोणी आहे का?" मास्तर हळूच म्हणाले.

कोणी नव्हतं. त्यांचे गुडघे वाकायला लागले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पितळेवरून अंगठा फिरवला.

"रागावू नकोस बाबा," म्हणाले, आणि मला सोडलं.

खाडकन पडलो. एक टवका उडाला. पण नशीब, पडलो तो त्यांच्या पायापुढे आडवा. मास्तर माझ्याकडे बघत राहिले, कापायच्या आधी रेघेकडे बघायचे तसे. मग उजवा पाय उचलला. माझ्या अंगावरून पलीकडे. मग डावा. कुठंच धक्का नाही.

बायको आली तेव्हा गोळी पोटात, मास्तर खुर्चीत आणि मी दारात.

"अहो, हा खाली कसा?"

"राहू दे. कामावर आहे तो."

 ती पिशवी सावरत, मला धक्का न लावता ओलांडून आत आली.

तर मित्रांनो, दारात अडलेल्या माणसाला ओढू नका, ढकलू नका, "चला लवकर" तर अजिबात म्हणू नका. तो नाटक करत नसतो. त्याच्यापुढे एक रेघ द्या आणि गप उभे राहा. आणि जुन्या वस्तूला मान द्यायचाय ना, मग नुसतं टांगू नका, काम द्या.

अजून खूप सांगायचं होतं. पण मास्तर खुर्चीतून उठलेत आणि समोर दार आहे. मला कामाला लागायला हवं.