महानंदाचं तोंड

सकाळी साडेनऊच्या सुमाराला तीन माणसं महानंदाच्या गिरणीत आली. एकाच्याही हातात दळणाचा डबा नव्हता आणि बाहेर मोटारसायकल चालूच ठेवलेली होती. नळाची लाइन टाकणाऱ्या ठेकेदारानं त्यांची गल्ली उकरून ठेवली होती. तीन आठवडे झाले तरी चर बुजवत नव्हता. आज तो स्वतः आला होता, तेव्हा महानंदानं पाच मिनिटं येऊन त्याला दोन शब्द बोलावेत, असं त्यांचं म्हणणं.

'दोन शब्द' म्हणजे काय, हे अणदुरात कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

महानंदानं ज्वारीचं पीठ डब्यात लोटत सांगितलं, की ते काम तिनं सोडलं आहे. तिघांतला जो वयानं मोठा होता त्याला वाटलं, बाई भाव खाते आहे. परत सोडायला येताना भज्यांचा पुडा घेऊन देतो, असं त्यानं म्हणून पाहिलं.

"मामा, म्या आता शिव्या देत न्हाय. पायजे तर ठेकेदारासाठी प्रार्थना करते," ती म्हणाली.

तिघं निघून गेले. जाताना एक जण पुटपुटला, की आता काही तो चर बुजत नाही.

शिव्या हा महानंदाच्या माहेरचा वारसा होता. तिच्या आज्ज्यानं म्हणे निजामाच्या एका अंमलदाराला अशी शिवी दिली होती, की त्यानं ती कारकुनाकडून कागदावर उतरवून घेतली. बाप बब्रुवान तर पंचक्रोशीत नावाजलेला. ज्याचा बांध कोरला जाई तो वकिलाच्या आधी बब्रुवानकडं येई. बब्रुवान धोतराचा सोगा खोचून बांधावर उभा राहायचा आणि समोरच्याच्या खापरपणज्यापासून सुरुवात करायचा. एकदा दिलेली शिवी त्या दिवशी पुन्हा यायची नाही. मधूनच उर्दू, मधूनच कानडी असल्यामुळं समोरच्या माणसाचा अर्धा दिवस आपल्याला काय म्हटलं गेलं ते चार ठिकाणी विचारण्यात जायचा. काम झालं की चहा आणि एक कोंबडी.

पण घरी आल्यावरही बब्रुवानचं तोंड थांबत नसे. भाकरी जाड झाली, पाणी कोमट निघालं, कशावरूनही सुरू. बांधावर गाव ज्याला हसायचं ते घरात बानूबाई, म्हणजे महानंदाची आई, रोज ऐकायची. ऐकताना ती मान खाली घालून हातातलं काम करत राहायची. ती वारली त्या दिवशीसुद्धा बब्रुवान उंबऱ्यात उभा राहून, आता सैपाक कोण करणार म्हणून तिलाच बोलत होता. महानंदा तेव्हा अठरा वर्षांची होती.

बापाचं तोंड महानंदानं जसंच्या तसं उचललं होतं. नवरा वारल्यावर गिरणी तिच्याकडं आली तेव्हा ते कामालाही आलं. तिच्या गिरणीतली रांग सुतासारखी सरळ असायची. तालुक्याचा साहेबसुद्धा तिच्या दारावरून जाताना गाडीची काच वर करायचा, आणि गावाला त्याचा अभिमान होता.

मग एक दिवस तिची चौदा वर्षांची मुलगी सृष्टी हिच्या हातून पिठाचा डबा सांडला. महानंदा तिला बापाचाच एक शब्द बोलली. पोरगी मान खाली घालून पीठ गोळा करू लागली. सृष्टीनं आजीला कधी पाहिलेलं नव्हतं, पण ती मान अगदी बानूबाईची होती. महानंदानं गिरणी बंद केली आणि मागच्या अंगाला जाऊन बसली.

त्याच दुपारी रुद्रम्मा गहू घेऊन आली. ही कर्नाटकातल्या आळंदकडची, गावच्या दवाखान्यात नर्स, ख्रिस्ती. तिच्या खोलीत रविवारी दहा-बारा माणसं प्रार्थनेला जमायची. महानंदानं तिला विचारलं, तोंड बंद होण्याचं एखादं इंजेक्शन असतं का.

"इंजेक्शन न्हाय," रुद्रम्मा म्हणाली. "रविवारी ये."

महानंदा गेली. तिला वाटलं होतं, इथंही आधी बापाचं नाव विचारतील. कुणी विचारलं नाही. तिला एवढंच सांगण्यात आलं, की येशूकडं आलेला माणूस नवा होतो, बापाकडून आलेलं सगळं आयुष्यभर मानेवर वागवावं लागत नाही. महानंदा पदर तोंडाला लावून रडली. घरी येऊन तिनं सृष्टीची माफी मागितली. पोरगी इतकी घाबरली की आईला ताप आहे का, हे हात लावून पाहिलं. आठ महिन्यांनी महानंदानं बाप्तिस्मा घेतला.

मन नवं झालं. जिभेला ते कळायला वेळ लागला. राग आला की महानंदा शिवीच्या जागी धान्य घालू लागली. रांग मोडणारा 'किडका हुलगा' झाला, डबा विसरून जाणारी 'वांझोटी तूर' झाली. गावाला ही तऱ्हाही आवडली. पण एका गुरुजींना तिनं 'करडईचं भुसकट' म्हटलं आणि ते थेट रुद्रम्माकडं तक्रार घेऊन गेले. शब्दात वाईट काही नाही हे त्यांना मान्य होतं, तरी दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

रुद्रम्मानं महानंदाला बोलावून घेतलं. "अक्का, शब्द बदललास. सूर त्योच हाय."

धान्यही बंद झालं. मग महानंदा नुसती गप्प राहू लागली, आणि गाव काळजीत पडलं. शेजारची अयोध्या काढा करून घेऊन आली. गिरणीतली रांग विस्कटली, माणसं मागच्या दारानं डबे सरकवू लागली. ठेकेदाराचा चरही तसाच राहिला.

अशात येडशीहून तिचा धाकटा भाऊ शिवशंकर आला. त्याच्या मोटारसायकलवर मागं बब्रुवान बसला होता, मांडीवर बोचकं घेऊन. शिवशंकरनं दहा वर्षं बापाला सांभाळलं होतं. आता त्याची बायको माहेरी जाऊन बसली होती.

"ताई," तो म्हणाला, "तुमच्यात वैऱ्यावर बी प्रेम करत्यात म्हणं. ह्यो तर बाप हाय, सोपं जाईल."

सोपं गेलं नाही. बब्रुवानचे गुडघे गेले होते, डोळे निम्मे गेले होते, पण तोंड शाबूत होतं. गिरणीच्या ओसरीवर बाज टाकून तो सकाळी जो सुरू व्हायचा, तो भाकरीपासून लेकीच्या नव्या देवापर्यंत कुणालाच सोडत नसे. माणसं किलोभर ज्वारी घेऊन नुसतं ऐकायला येऊ लागली. महानंदा पहाटे सहनशक्ती मागायची. ती दहा वाजेपर्यंत पुरायची, मग पुन्हा मागावी लागायची.

एके दिवशी सृष्टीच्या हातून आज्ज्याच्या धोतरावर चहा सांडला. बब्रुवाननं तिला तोच शब्द दिला, जो तो बानूबाईला द्यायचा.

महानंदानं गिरणीचा खटका खाली ओढला. पट्टा फडफडत थांबला. रांगेतल्या माणसांनी डबे खाली ठेवले. एक जण रस्त्यावरच्यांना बोलवायला पळाला, अयोध्या चुलीवरचा भात टाकून आली. दोन वर्षं गाव या क्षणाची वाट पाहत होतं. महानंदानं पुढं रुद्रम्माला खरं ते सांगितलं, की अकरा शिव्या ओळीनं तयार होत्या आणि सगळ्या चांगल्या होत्या.

तिनं डोळे मिटून पहाटेचंच मागणं पुन्हा मागितलं. मग बापाच्या बाजेजवळ जमिनीवर बसली.

"आबा, ह्यो शब्द तुमी आईला म्हणत हुता. ती गेली त्या दिवशी बी म्हणला. म्या बी ह्या पोरीला एकदा म्हणलं, आन् तिच्या पाया पडले." तिचा आवाज इतका हळू होता की मागची माणसं पुढं सरकली. "तुमाला म्या माफ केलंय. लई दिस लागले, पर केलंय. तुमी हितंच ऱ्हायचं, भाकरी-पाण्याला कमी पडू देणार न्हाय. पर ह्यो शब्द माज्या लेकीच्या पुढं जायचा न्हाय. हितं संपला."

बब्रुवाननं तोंड उघडलं. बांधावर समोरचा उलट बोलायचा आणि त्यावर पुढचं सुचायचं. इथं धरायला काहीच नव्हतं. त्यानं जमलेल्या माणसांकडं पाहिलं. माणसं आपापल्या डब्यांकडं पाहत होती. शेवटी तो म्हणाला, की चहा सांडला तो सांडला, दुसरा टाका. सृष्टीनं दुसरा टाकला. भात करपला म्हणून अयोध्या मात्र महानंदावरच रुसून गेली.

बब्रुवान सुधारला असं कुणी म्हणणार नाही. कावळे, शेळ्या, वीज मंडळ यांच्यावर त्याचं तोंड चालूच राहिलं. नातीशी मात्र तो जपून बोले, आणि जपून बोलायचं म्हणजे बहुतेक वेळ गप्पच बसावं लागे. बसून कंटाळा आला की तो भिंत धरत आत यायचा आणि पीठ पडतं तिथं स्टुलावर बसून पोत्याचं तोंड उघडं धरायचा.

दिवाळीच्या आधी तामलवाडीचा नंदीश पाव्हण्यांकडं आला होता, तो त्यांचं दळण घेऊन गिरणीत आला. तीस वर्षांपूर्वी बब्रुवाननं त्याच्या बापाला बांधावर साऱ्या गावासमोर रडवलं होतं. पांढऱ्या झालेल्या त्या म्हाताऱ्याला नंदीशनं ओळखलं आणि तो दोन पावलं मागं सरला. बब्रुवाननंही त्याला बापाच्या तोंडवळ्यावरून ओळखलं. त्याचे ओठ हलले. महानंदानं ते पाहिलं आणि गिरणीच्या वरच्या चाडीत गहू ओतत राहिली.

"पीठ ऊन हाय," बब्रुवान म्हणाला. "हात जपून घाला."