पायरीवरचा दंडवत

गुरुवार आला की भांडगावच्या मठापुढं मुंगीला शिरायला वाट नसायची. ट्रकवाले सोलापूर रस्त्याच्या कडेला गाड्या लावून पळत यायचे. लाउडस्पीकर किंचाळायचा आणि पायरीवर दमनाथ महाराज गरजायचे, "माझ्या पायरीवर यम बी जोडं काढून येतो! वरचा दम खाली, खालचा दम वर! समजलं?" सगळे माना डोलवायचे. काय समजलं ते विचारू नका.

सत्याहत्तर सालची गोष्ट. त्या गर्दीत माझी बहीण अंजना तान्हा मल्हारी घेऊन उभी होती आणि शेजारी मी, केंदूरच्या शाळेतला मास्तर, दातओठ खात. मल्हारीला हनुवटी जवळजवळ नव्हतीच, खालचा जबडा पार आत. उताणा निजवला की घशात घरघर, छाती आत खेचलेली, ओठ निळे. अंजनाची सासू झुंबरबाई म्हणायची, "गळ्यावर मुंजा बसलाय."

महाराजांनी पोर उचललं. "घाल रं देवाला दंडवत!" म्हणत पायरीवर पालथं निजवलं आणि घरघर थांबली. खरंच थांबली हो! ओठ गुलाबी झाले, पोर गाढ झोपलं. झुंबरबाई रडायलाच लागली. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

"मुंजा उतरला," महाराज म्हणाले. "पर दर गुरवारी हितं यायचं. आन् घरी पालथं घालायचं न्हाई. दंडवत फक्त ह्या पायरीवर. घरी घातला तर मुंजा उलटा फिरंल!"

अंजनाच्या सासरी पोचून पाठीवर निजवलं, की घरघर सुरू. माझं डोकं भणभणलं. अंगारा नाही, औषध नाही, मग नेमकी पालथं घालायलाच बंदी का?

अंजनाला आणि पोराला घेऊन मी पुण्याचा मोठा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी पोराच्या तोंडात बोट घालून पाहिलं. टाळूही फाटलेली होती.

"मास्तर, जीभ हनुवटीच्या हाडाला आतून एका जाड स्नायूनं बांधलेली असते. ह्याची हनुवटीच मागं, म्हणून जीभही मागं. झोपेत स्नायू ढिला पडतो आणि बाटलीला बूच बसावं तशी जीभ घशात बसते. पालथं निजवलं की ती आपल्या वजनानं पुढं पडते."

"म्हणजे दंडवत?"

"दंडवतच. समोर देव कुठलाही चालेल. नसला तरी चालेल."

मला हसू आलं, पण बाई हसल्या नाहीत. "झोपेत हा स्नायू कसा वागतो, त्यावर आत्ता कुठं संशोधन सुरू झालंय. पण पोर वाढेल तसा जबडा वाढेल. टाळू आम्ही शिवू, गरज पडली तर पुढं जबड्याचंही ऑपरेशन करू. तोवर हा जगला पाहिजे. पुढच्या आठवड्यात कॉट रिकामी होईल. तोपर्यंत पालथाच ठेवा, आणि नजरेआड करू नका."

गुरुवारी मी मल्हारीला घेऊन मठासमोरच्या टायरच्या दुकानात गेलो. भुईवर गोणपाट अंथरलं आणि ओरडलो, "हितं पायरी नाही, महाराज नाही. बघा!" उताणा ठेवला, घरघर. पालथा केला, शांत. माणसं वाकून वाकून बघू लागली. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात म्हाताऱ्या रखमाजी आप्पांनी हात जोडले. "काय ही महाराजांची सत्ता! पार टायरच्या दुकानापतूर पोचली की!"

जयजयकार झाला. मी कपाळावर हात मारून घेतला. पायरीवरून महाराज म्हणाले, "मास्तर, शंका घेतलीत. आता पोराचं काय हुईल, ते तुमच्यावर."

मला शाळेसाठी केंदूरला जावं लागलं. अंजना पोराला पालथं निजवायची, शेजारी बसून राहायची. एक दिवस पाण्याला गेली. झुंबरबाईनं नातवाला मायेनं उचललं आणि सरळ, पाठीवर निजवलं. अंजना हंडा घेऊन आली, तेव्हा घरात घरघर नव्हती. तिला वाटलं, झोपलंय.

"मुंजा उलटा फिरंल म्हनून सरळ केलं गं," म्हातारी ऊर बडवत होती. निरोप मिळताच मी केंदूरहून धावत आलो.

ओढ्याकाठी खड्डा खणला. पोराला उताणं ठेवलं. बायकांनी धरलेली अंजना सुटून आली, वाकली आणि तिनं पोराला पालथं केलं.

"अगं अवदसे, पालथं पुरत्यात व्हय?" कुणीतरी ओरडलं.

"दम लागंल त्याला," ती म्हणाली.

त्यानंतर दर गुरुवारी मी मठाच्या फाटकाशी उभा राहू लागलो. एकदा केडगावची एक बाई आली, कडेवर तसंच बिनहनुवटीचं लेकरू. मी तिला माझ्या भाच्याचं दुखणं समजावून सांगितलं. "गळ्यावर कुणी बसलेलं नाही बाई, जीभ मागं जाते. पालथं निजव आणि आजच्या आज पुण्याला दवाखान्यात ने. मी येतो बरोबर."

तिनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् तुमच्या भाच्याला गुन आला का?"

लाउडस्पीकर सुरू झाला आणि ती पायरीकडं निघाली.

"बाई, ते म्हणतील घरी पालथं घालू नको," मी मागून ओरडलो. "का, ते विचार! एवढं तरी विचार!"