उलटा खटका

फांदी आधी दोराने बांधून घेऊ, असं माझा मेव्हणा म्हणाला होता. मी म्हणालो, तू तुझ्या गाठी मार, कापायचं मला कळतं. त्यानंतर अर्ध्या मिनिटात फांदी तुटली, तिच्यावर तोललेलं खोड माझ्या अंगावर लोळत आलं आणि माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गाडला गेला. म्हणजे चूक कोणाची, हा प्रश्नच नव्हता. तरी पहिली शिवी मी त्यालाच घातली. जुनी सवय, दुसरं काय.

आम्ही एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मागच्या आवारात होतो. आदल्या दिवशीच्या वादळाने तिथलं झाड आडवं केलं होतं. आम्हाला आत घेऊन चौकीदाराने बाहेरून कुलूप घातलं आणि पाच वाजता येतो म्हणून निघून गेला. माल चोरीला जातो म्हणे. त्या आवारात गंजलेल्या पिंपांखेरीज चोरायला होतं काय, देव जाणे. आमचे दोघांचे फोन फाटकाबाहेर, गाडीत. भिंत दोन पुरुष उंच आणि वर काचा लावलेल्या.

मेव्हणा, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मी त्याला गाठोबा म्हणतो. त्याच्यासारखा दोर बांधणारा मी दुसरा पाहिला नाही. घरांच्या अगदी डोक्यावर आलेली फांदी तो अशी अलगद उतरवतो की खालच्या कुंडीला धक्का लागत नाही. कापायचं काम मात्र माझं. नऊ वर्षं आम्ही असंच करत आलो.

त्याने एक लोखंडी पाइप शोधून आणला, खोडाखाली घातला आणि जोर लावला. पाइप वाकला. खोड उचललं गेलं नाहीच, उलट बोटभर आणखी खाली बसलं. माझ्या तोंडून जे निघालं ते लिहिण्यासारखं नाही. रात्रभर पाणी प्यायलेली जमीन होती. खोड हळूहळू तिच्यात रुतत होतं आणि माझा पाय घेऊन रुतत होतं. आधी नुसतं दुखत होतं. मग बोटं कळेनाशी झाली. दुखणं परवडलं, असं तेव्हा वाटलं.

मी भिंत चढून मदत आणतो, असं तो म्हणाला. दोर टाकून तो चढलाही असता. पण रस्त्यारस्त्यावर झाडं पडलेली, माणसं आणायला दीड-दोन तास सहज गेले असते. तोवर पायाचं काय झालं असतं कोण जाणे, आणि मला एकट्याला तिथे पडून राहायचं नव्हतं. घाबरलो होतो, सरळ सांगतो. खोड कापणं हाच मार्ग होता.

मशीन माझ्या हातातून उडून पलीकडे पडलं होतं. साधं पेट्रोलवर चालणारं, साखळीच्या करवतीचं मशीन. गाठोबाने ते उचललं, साखळी पाहिली, दांडा पाहिला. सगळं ठीक होतं. मग त्याने मागचा खटका पाहिला. खटका खाली, लाल ठिपक्याकडे होता. त्याने तो वर, पांढऱ्या ठिपक्याकडे केला आणि चोक ओढून मशीन चालू करायची दोरी खेचायला सुरुवात केली.

मी डोळे मिटून घेतले. कारण खटका होता तसा ठेवला असता तर ते मशीन दोन-तीन झटक्यांत चालू झालं असतं.

ह्या मशीनचा मूळ खटका केव्हाच तुटला होता. मी भंगारातून दुसरा आणून बसवला, आणि ठिपके रंगवताना मुद्दाम उलटे रंगवले. पांढरा म्हणजे चालू असं जगाला वाटतं, माझ्या मशीनवर पांढरा म्हणजे बंद. का, तर ओळखीपाळखीचा जो तो मशीन मागायला यायचा आणि नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मग मी हसत हसत द्यायचो. माणूस दिवसभर दोरी ओढून हात सुजवून परत यायचा, आणि मी त्याच्यासमोर तळहाताआड खटका फिरवून दुसऱ्या झटक्यात मशीन चालू करून दाखवायचो. ह्याला हात लागतो, असं म्हणायचो. एकजात सगळे पुन्हा मागायचे बंद झाले. मला माझ्याच हुशारीचं कोण कौतुक.

इथवर गंमत होती. पुढे गंमत नाही.

सहा वर्षांपूर्वी मोठ्या बागेच्या मुकादमाने गाठोबाला विचारलं होतं, बागेतली सगळी छाटणी तू एकट्याने घेशील का? एक झाड कापून दाखव, काम तुझं. त्याने बागेजवळ एक खोलीही बघून ठेवली होती. त्या दिवशी तो माझ्याकडे मशीन मागायला आला. खटक्याचं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. नाही बोललो. तो गेला असता तर माझा दोर कोण धरणार होतं? मशीन हातात दिलं आणि जपून ने, एवढंच म्हणालो.

संध्याकाळी तो आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची सालटी निघाली होती. मुकादमासमोर, दहा माळ्यांसमोर तो दोरी ओढत राहिला होता आणि ते हसत होते. मी दुसऱ्या झटक्यात मशीन चालू करून दाखवलं. म्हणालो, तुझा हात नाही रे ह्याला, तू दोरच धर. त्याच्या ताईने त्याच्या हाताला मलम लावलं आणि मी शेजारी बसून जेवलो. त्यानंतर त्याने कधी मशीनला हात लावला नाही. आजही तो आमच्याच बाहेरच्या खोलीत झोपतो.

आणि आता तोच माणूस माझ्या डोक्याशी उभा राहून तेच मशीन तसंच ओढत होता.

वीस झटके झाले. तीस झाले. पेट्रोलचा वास सुटला. मी त्याला चोक आत ढकलायला सांगितलं, टाकीचं झाकण बघायला सांगितलं, हवेची जाळी झटकायला सांगितली. खटका सोडून त्या मशीनमध्ये जे जे होतं ते सगळं सांगून झालं. काही तरी होईल आणि मला बोलावं लागणार नाही, अशी आशा. नालायकपणा तरी किती असावा माणसात.

तो थांबला. धापा टाकत उजव्या तळहाताकडे पाहू लागला. म्हणाला, "भाऊजी, माझा हात नाहीच ह्याला. तुमचा पाय जायचा माझ्यापायी."

त्याचे डोळे भरले होते. माझ्या पायासाठी.

"खटका खाली कर," मी म्हणालो.

"खाली म्हणजे बंद."

"खाली म्हणजे चालू."

त्याने खटका पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "कधीपासून?"

आत्ता पडून बिघडला, असं म्हटलं असतं तर त्याने ते मानलंही असतं. वाक्य ओठांवर तयार होतं. पण तो अगदी तोंडासमोर उभा होता आणि खोडाने मला असं धरलं होतं की त्याच्याकडे पाठ फिरवायलाही जागा नव्हती.

"पहिल्यापासून."

"बागेच्या वेळी?"

"तेव्हाही."

तो मशीन खाली ठेवून पिंपांपर्यंत चालत गेला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मी हाक मारली नाही. कुठल्या तोंडाने मारणार? दोर टाकून तो भिंतीपलीकडे निघून गेला असता तरी मला बोलायला जागा नव्हती.

तो परत आला आणि म्हणाला, "पेट्रोल ओव्हर झालंय. आता काय करायचं ते सांगा. खरं सांगा."

मी सांगितलं. त्याने प्लग काढला, तो पेट्रोलने निथळत होता. सदऱ्याने पुसून कोरडा केला. चोक बंद करून, प्लगचं भोक खाली धरून सहा वेळा दोरी ओढली, साठलेलं पेट्रोल बाहेर उडालं. पुसून घेऊन प्लग परत बसवला, खटका खाली केला, रेस दाबून ओढलं. पहिल्या झटक्याला मशीन नुसतं खोकलं. दुसऱ्याला चालू झालं.

माझ्याइतकंच. दुसऱ्या झटक्यात.

चालू मशीन हातात धरून तो माझ्याकडे बघत राहिला. मग ते बाजूला ठेवून त्याने आधी दोर घेतला, खोड दोन्ही बाजूंनी भिंतीच्या खांबांना आवळून बांधलं, आणि मग कापायला घेतलं. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. नऊ वर्षं तो माझं काम बघत होता आणि माझ्या चुका तेवढ्या त्याने घेतल्या नव्हत्या. तुटलेला तुकडा दोरावर तोलून त्याने बाजूला सरकवला आणि काखेत हात घालून मला ओढून काढलं.

बुटातून पाय काढून त्याने बोटं एकेक दाबून पाहिली. करंगळी हलली तेव्हा मी रडलो. त्याने पाय जपून आपल्या गुंडाळलेल्या सदऱ्यावर ठेवला.

मशीन अजून चालूच होतं. त्याने खटका वर, पांढऱ्या ठिपक्याकडे ढकलला आणि ते बंद पडलं. मग माझ्या पिशवीतून पेचकस काढून दोन स्क्रू उघडले, खटका फिरवून सरळ बसवला आणि मशीन माझ्या हाताशी आणून ठेवलं.

"ताईला तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "आणि दोराला दुसरा माणूस बघा."

मी त्याला थांब म्हणालो. पण थांबायचं तर दोघांनाही होतंच, फाटकाला कुलूप होतं आणि ह्या पायाने मला भिंत चढता येणार नव्हती. तो दोर गुंडाळून, खांद्यावर टाकून, माझ्याकडे पाठ करून फाटकापाशी जाऊन बसला. मी घड्याळ पाहिलं. पाच वाजायला पावणेदोन तास होते.