गगनवीराच्या पोटाचा पट्टा

मित्रांनो, गगनवीराचा लाल झगा तुम्ही पाहिला असेल. त्याचे चकचकीत बूटही पाहिले असतील. मला मात्र तुम्ही पाहिलेलं नाही, कारण मी दिसू नये यासाठीच मला शिवलं गेलं. मी एक जुना पट्टा आहे. कमरेला मिरवायचा नव्हे, पोट लपवायचा. माझी कहाणी मी खरी खरी सांगणार आहे, त्यामुळे त्या माणसाविषयी माझ्याकडून गोड शब्दांची अपेक्षा ठेवू नका.

मला त्याच्या थोरल्या बहिणीने शिवलं. एक खोली, एक मशीन आणि चिंध्यांनी भरलेलं एक पोतं, एवढंच तिचं शिवणाचं दुकान. जगाला तो गगनवीर, तिला मात्र गोट्या. हा गोट्या पूर्वी एका गोदामात पोती उचलायचा. पोट भरून श्वास घेतला की त्याच्या अंगात हत्तीचं बळ यायचं आणि पाय आपोआप जमिनीवरून सुटायचे. एका जळत्या इमारतीच्या गच्चीवरून त्याने एका आजीबाईंना अलगद खाली आणलं होतं, तेही फाटक्या बनियनवर. त्या दिवशी तो खरोखर शूर होता म्हणतात. असेल. माझी त्याची गाठ पडली तोवर ते दिवस सरले होते.

कारण मग आले सत्कार. मग आला मॅनेजर, जाहिराती, उद्घाटनं. साबणापासून सिमेंटपर्यंत सगळ्यावर याचा चेहरा झळकू लागला. आणि बाटली आली. आधी तो दमला म्हणून प्यायचा, मग टाळ्या मिळाल्या म्हणून, मग टाळ्या कमी पडल्या म्हणून. पिणाऱ्याला कारणांचा तुटवडा कधीच नसतो. हळूहळू लाल कपड्यांतून पोट डोकावू लागलं, तसा तो बहिणीकडे आला.

"ताई, पाठीला आधार देणारा पट्टा शिवून दे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"पाठीला ना? मग माप पोटाचं कशाला देतोयस?"

"तू शिव गं. आणि आतून एक खिसा ठेव, मोबाइलला."

त्या खिशात मोबाइल कधीच आला नाही. चपटी बाटली आली. पहिल्यांदा मला धुवायला घेतलं तेव्हाच ताईला वास आला. तिने मला पुन्हा साबण लावला. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या हुकांमधून एक दोरी ओवली आणि भावाला समोर उभं केलं.

"श्वास अडला की ही ओढ. सगळे हूक एकदम सुटतील. तुझं बळ श्वासात आहे, गोट्या, कपड्यात नाही. आणि ती बाटली सोड."

"सोडली. आजपासून बंद."

असा 'आजपासून' मी पुढे कितीदा ऐकला ते विचारू नका. पालथ्या घड्यावर पाणी.

मित्रांनो, मला आवळून बांधलं की त्याचा श्वास छातीतच अडायचा. पोटापर्यंत पोचायचाच नाही. बळ गेलं, उड्डाण गेलं. गगनवीर जेमतेम हातभर वर उठायचा. मग फोटोवाला जमिनीवर आडवा होऊन खालून फोटो काढायचा आणि ती हातभर उंची गच्चीएवढी दिसायची. "काय बांधा आहे!" असं लोक म्हणायचे. तो बांधा म्हणजे मी होतो. टाळ्या त्याला, घाम मला. नाव मोठं आणि लक्षण खोटं, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

त्याच्या इमारतीला एक वॉचमनकाका होते. हे महाशय झोकांड्या खात आले की काका फाटक उघडायचे, खांद्याला धरून लिफ्टपर्यंत न्यायचे, पडलेला झगा उचलून झटकून द्यायचे. याबद्दल त्यांनी कधी कुणापुढे चकार शब्द काढला नाही. त्यांना हा काय म्हणायचा, माहीत आहे? "ए." बस, एवढंच.

मग ते होर्डिंग आलं. इमारतीच्या फाटकावरच गगनवीराचं एक अवाढव्य चित्र लोखंडी सांगाड्यावर चढवलं गेलं. त्यावर कापड टाकलं होतं. ते त्याने स्वतः उडत जाऊन खेचायचं, असा मॅनेजरचा बेत होता. कॅमेरे लागले. ताईलाही पहिल्या रांगेत बसवलं होतं. सकाळचीच वेळ होती, पण माझ्या खिशातली बाटली रिकामी झाली होती. वीराने उडी घेतली, हातभर वर गेला आणि तिथेच डगमगला. कापड हाताला लागेना. लाज वाचवायला त्याने सांगाडाच धरला आणि त्याला लोंबकळला. बोल्ट कडाकडा तुटले. सांगाडा खाली आला, आणि खाली स्टुलावर वॉचमनकाका बसलेले होते.

धूळ खाली बसली तेव्हा काका कमरेपासून खाली लोखंडाखाली होते. त्यांच्या छातीवर गगनवीराचं छापील हसू पसरलं होतं.

"उचला! उचला!" लोक ओरडले. याने लोखंडाला हात घातला. ताई खुर्च्या ढकलत पुढे आली.

"गोट्या, दोरी ओढ! श्वास घे!"

त्याने ऐकलं. त्याचा हात माझ्या दोरीपर्यंत आला, हे मी शपथेवर सांगतो. एक झटका दिला असता तर मी सुटलो असतो, पोट बाहेर आलं असतं, श्वास भरला असता आणि ते लोखंड त्याने कागदासारखं उचललं असतं. पण त्याने मान वर केली. समोर कॅमेरे होते. हात दोरीवरून मागे गेला. पोट आणखी आत ओढून घेऊन त्याने अर्ध्या श्वासावर जोर लावला. सांगाडा थोडासा उठला, त्याच्या हातातून निसटला आणि पुन्हा काकांच्या कमरेवर आदळला.

शेवटी रिक्षावाले, भाजीवाली, समोरचा न्हावी, सगळ्यांनी मिळून खांदे लावले आणि काकांना बाहेर काढलं. या माणसांपैकी एकालाही उडता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा लोखंडाला हात लावलेला फोटो आला. वर मथळा होता, 'गगनवीर धावला!' मला किळस आली.

त्याच संध्याकाळी ताईने मला त्याच्या घरून उचललं.

"ताई, पट्टा ठेव. बाटली सोडतो, आईशप्पथ!"

"आईचं नाव घेऊ नकोस. ती माणसं उचलणाऱ्या पोराची आई होती."

तिने माझा खिसा उसवला, मला तीन पाण्यांतून काढलं, काकांचं माप घेतलं. काकांच्या कमरेचं हाड मोडलं होतं. आधार बांधून रोज उभं राहिलं तरच पुढे चालता येईल, नाहीतर खाट धरावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मी त्यांच्या कमरेला बसलो. ते भिंतीला धरून एकेक पाऊल टाकायचे, कळ आली की ओठ चावायचे. हॉस्पिटलच्या त्या वॉर्डात मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली नाही.

आणि एक दिवस तो तिथे आला. मॅनेजर नव्हता, झगा नव्हता, सदऱ्याची बटणं पोटावर ताणलेली. हात थरथरत होते, म्हणजे सकाळपासून घेतली नव्हती. एवढं मात्र मी त्याच्या पदरात टाकतो. मला वाटलं, माफी मागेल. काका भिंतीपाशी उभे होते, ताई शेजारी होती.

"ताई, तो पट्टा... परवा पुरस्कार आहे. फक्त तेवढ्यापुरता दे. काकांना तू दुसरा शिव ना."

ताईने कपाळाला हात लावला. काका मात्र शांतपणे म्हणाले, "न्या साहेब. तुमचाच आहे." आणि त्यांनी माझी दोरी ओढली.

मी जमिनीवर पडलो. काकांची कमर लचकली आणि तेही कोसळू लागले. तेव्हा त्या माणसाने दचकून मोठा श्वास घेतला. कितीतरी वर्षांनी पोट भरून घेतलेला. सदऱ्याची बटणं तुटून उडाली. त्याने काकांना मधल्यामध्ये झेललं, आणि दोघेही खाटेच्या वर, पंख्याच्या खाली तरंगू लागले.

"साहेब, खाली ठेवा," काका म्हणाले. "गरगरतंय."

त्याने त्यांना खाली आणून खाटेवर बसवलं आणि पहिली नजर कुठे टाकली असेल? दाराकडे. कुणी पाहिलं का, कुणी फोटो काढला का? दारात कुणी नव्हतं. मित्रांनो, सवय अशी हाडात मुरते. तुमच्या वस्तूंची काळजी घ्या, त्या झिजल्या तर शिवून घ्या. पण स्वतःची लाज झाकायला त्यांना राबवू नका. वस्तूंनाही कळतं, त्या कशासाठी वापरल्या जात आहेत.

मग तो खाली वाकला. त्याने मला उचललं आणि बराच वेळ हातात धरून ठेवलं. शेवटी तो गुडघ्यांवर बसून मला काकांच्या कमरेला बांधू लागला. पण त्याला एकच तऱ्हा ठाऊक होती. त्याने मला करकचून आवळलं.

काकांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"सैल करा साहेब," ते म्हणाले. "मला श्वास घ्यायचाय."