मागे टाकायचं कुणाला

"'आउटडू' म्हणजे वरचढ ठरणं, आई. कामात तू कुणाला मागे टाकलंस, ते विचारलंय," लेक फोनवर म्हणाली. "त्याचं नाव लिहायचंय."

"नाव? कुणाचं?"

"ते मी कसं सांगू? रिकामं मात्र सोडू नकोस. नाहीतर तूच मागे पडलीस असं धरतील."

आईने फोन ठेवला; कामावर तिला थोरली म्हणत आणि जोडीदारणीला धाकटी. इस्पितळाच्या धुलाईघरात यंत्र येणार आणि घड्या घालणाऱ्या दोघींपैकी एकच राहणार, ही कुणकुण महिनाभर होती. आज साहेबांनी हसतहसत इंग्रजी फॉर्म वाटले, आणि साहेब हसले की काहीतरी वाईटच असतं. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. पन्नाशीच्या बाईला आता दारात कोण उभं करणार?

पण मागे टाकायचं कुणाला? चादरीची दोन टोकं थोरलीने धरायची, दोन धाकटीने. सोळा वर्षं दोघी समोरासमोर. एकीने घाई केली की दुसरीच्या हातून चादर सुटायची आणि बोलणी दोघींना बसायची. या कामात पुढे जाणारी शहाणी कोण?

भीतीपुढे शहाणपण चालत नाही. तिने धाकटीचं नाव लिहिलं, फॉर्म पेटीत टाकला आणि लगेच फटीत बोटं घालून पाहिली. बोटं आत जाईनात.

"माझापण भर ना गं," मागून धाकटी आली. तिला सहीपुरतंच लिहिता यायचं. "काय विचारलंय मेल्यांनी एवढं?"

थोरलीने सांगितलं. धाकटी हसत सुटली. "मी आणि कुणाला मागे टाकणार? घडी घालायला तूच तर शिकवलंस. लिही तुला वाटेल ते." मग एकदम तिचा आवाज उतरला. "ताई, मला काढणार नाहीत ना गं?"

थोरलीने तिचा फॉर्म समोर घेतला. कोरं सोडलं तर हिच्या पोटावर पाय, लिहिलं तर आपल्या. पेन दोनदा कागदावर टेकलं, दोनदा उचललं. शेवटी वर न बघता, वेड्यावाकड्या अक्षरांत, तिने स्वतःचं नाव लिहिलं.

धाकटीने कागद पुढे ओढला. काय लिहिलंय ते विचारलंसुद्धा नाही. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर जुळवत तिने खाली सही केली आणि कागद थोरलीसमोर धरला.

"बघ गं, बरोबर आलीय ना?"